गोटूच्या दाढेला गुडाखू

प्रताप नगरातल्या त्या फ्लॅटमध्ये नानाजींना करायला काम असं काही नव्हतंच. उमरेडला जन्मभर मागावर बसलेला विणकर माणूस. माग मोडीत निघाला, बायको गेली, आणि मुलगा अभिजीत त्यांना नागपूरला घेऊन आला. अभिजीत आणि सून मिनल दोघंही सकाळी मिहानला नोकरीवर जायची ती संध्याकाळीच परतायची. घरात उरायचे नानाजी आणि नऊ वर्षांचा कुत्रा, गोटू.

गोटूच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज दात घासा; बोटाला मऊ कापड गुंडाळून, कुत्र्यांची पेस्ट लावून, हिरडीच्या कडेकडेनं. अभिजीतनं दोन दिवस करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून ऑफिसला गेला. मिनलला तर गोटूनं पलंगाखालूनच गुरगुरून परत पाठवलं. मग नानाजींनी आपल्या जुन्या धोतराची चिंधी फाडली. तुटलेले धागे सांधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना घाई माहीतच नव्हती. पहिले आठ दिवस त्यांनी नुसतं ओठांवरून बोट फिरवलं. महिन्याभरात गोटू सकाळचा चहा झाला की आपणहून पुढ्यात येऊन तोंड वर करून बसायला लागला. घरात कोणालाच जमत नाही ते आपल्याला जमतं, याचा म्हाताऱ्याला केवढा तोरा! वॉचमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ते ऐकून घ्यावं लागलं.

आता नानाजींची एक सवय. गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचं काळं, ओलसर मंजन. त्यांच्या आळीत पुष्कळ जण ते लावायचे. दाढ ठणकली की बोटभर घासायचं, हिरडी बधिर व्हायची, की माणूस पुन्हा मागावर. दवाखान्यापायी दिवस कोण मोडणार? नानाजींच्या तीन दाढा याच औषधानं बऱ्या झाल्या होत्या. पुढे त्या पडल्या, पण तेवढं ते सोयीस्करपणे विसरत.

एका मंगळवारी गोटूनं पोळी तोंडात घेतली आणि टाकून दिली. डावीकडची मागची दाढ होती. कापड लागताच तो कळवळला. मिनलनं फोनवर सांगितलं, संध्याकाळची वेळ घेतली आहे, तोवर काही करू नका. तोवर म्हणजे सहा तास, आणि कुत्रं समोर बसून कण्हतंय. नानाजींना पाहवेना. त्यांनी आपली डबी उघडली.

अर्ध्या तासात गोटूच्या तोंडातून लाळेची धार लागली. मग उलट्या झाल्या, पाय थरथरायला लागले, आणि तो भिंतीला टेकत टेकत खाली पडला. शेजारच्या रितिकानं ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, यानं खाल्लं काय? उंदराचं औषध, फिनाईल? तोवर मिनल धावत पोचली होती. घरी असलं काही ठेवतच नाही, असं ती शपथेवर सांगत होती. नानाजी खिशातली डबी मुठीत धरून उभे होते. सुनेसमोर, त्या पोरसवदा डॉक्टरसमोर सांगावं तरी कसं? इतक्यात टेबलावर गोटूला झटका आला.

"मी लावलं," नानाजी म्हणाले. "गुडाखू. त्याची दाढ ठणकून राहिली होती. मले वाटलं, आराम पडन त्याले."

डॉक्टरांनी घाईनं सलाईन जोडलं. मिनलनं पुढे होऊन गोटूचं डोकं धरलं.

गोटू वाचला. तिसऱ्या दिवशी घरी आला तो शेपूट हलवत सरळ नानाजींच्या पायाशी. राग म्हणून नाहीच त्या जनावराला. पण चिंधी पुढे आली की दातखीळ. दाढ काढायची तर भूल द्यावी लागेल, आणि ती त्याला इतक्यात झेपणार नाही, असं डॉक्टरांचं मत. महिनाभर थांबू, तोवर गोळ्या आणि रोज सफाई. नाहीतर सड जबड्यात उतरेल. रोज सफाई म्हणे. सांगायला काय जातं!

नानाजींनी डबी कचऱ्यात टाकली. जन्माची सवय ती. चार दिवस डोकं गरगरलं, जेवण जाईना, पण त्यांनी दुसरी आणली नाही. गुडाखूचा वास जावा म्हणून साबणानं, बेसनानं बोटं घासून घासून सोलून काढली. अभिजीतनं पुन्हा प्रयत्न केला, मिनलनं केला. गोटू पलंगाखाली.

"बाबा, तुम्हीच करा नं," शेवटी मिनल म्हणाली. "तुमच्याशिवाय तो कोणाजवळच येत नाही." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर नानाजींना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर गोटू येऊन पुढ्यात बसला. नानाजींनी बोटाला चिंधी गुंडाळली, पेस्ट लावली. गोटूनं बोट हुंगलं आणि मान फिरवली. त्याच्या तोंडाचा वास आता हातभर अंतरावरूनही येत होता.

"उघड नं गा," नानाजी म्हणाले. "मी काहीच करत नाही तुले."

गोटूनं तोंड उघडलं, ते त्यांचा दुसरा हात चाटायला. नानाजींनी उजवं बोट हळूच जवळ नेलं, तसे दात पुन्हा मिटले. बोट मागे घेतलं, की तो पुन्हा मायेनं चाटायला लागे.