चित्रण पुसलं कुणी?

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, घरीही नाही. मुदतीआधी नोकरी सोडली त्याला काही वर्षं झाली, पण ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सराफाचं दुकान फुटलं आणि आमचा एकावर संशय होता. समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण येरमाळ्याकडच्या एका कॅमेरे बसवणाऱ्यानं ठाण्याच्या संगणकात उतरवून दिलं. काही दिवसांनी पाहतो तर फोल्डर गायब. मूळ यंत्रावरचं तोवर आपोआप पुसलं गेलेलं.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, तुमचा संशयित त्या कॅमेरेवाल्याचा साडू हाय. त्यानंच पुसलं आसंल." मला पटलं. दोन दिवस कॅमेरेवाल्याला बाकावर बसवून चौकशी केली.

"म्या कशाला पुसू, साहेब? माझ्याच हातानं दिलंय की."

"साडू वाचावा म्हणून."

"त्याचं अन् माझं चार सालापासनं बोलणं न्हाय."

शेवटपर्यंत त्याचं उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा दर वेळी थोडं नवं सांगतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. तरी मी ऐकलं नाही. बाहेर बातमी पसरली आणि लोकांनी त्याला दिलेली कामं काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी आमची महिला शिपाई, संगणक शिकलेली, म्हणाली, "सर, पुसलंय कशावरून? क्लिपांची नावं नुसते आकडे आहेत, नावानं सापडायच्या नाहीत. मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिते. तो प्रत्येक फोल्डरात शिरंल, आतल्याच्याही आत, अन् मोठ्या व्हिडिओ फाइली कुठं आहेत ते सांगंल."

जेमतेम वीस ओळी. चालू केला आणि पडद्यावर फोल्डरांची नावं धावू लागली. पंचनामे, समन्स, बंदोबस्ताचे फोटो. ठाणे अंमलदार वायरलेस सोडून मागं येऊन उभा राहिला. ओळी थांबल्या. तिनं बोट ठेवलं. सगळ्या क्लिपा शाबूत होत्या!

लगेच लावून पाहिल्या. चेहरा स्वच्छ दिसत होता आणि तो साडूचा नव्हता. दुपारी चोराला भूमच्या बाजारात उचललं. ठाण्यात पेढे आले.

पेढे खाताना मला एकच ओळ दिसत होती. ते फोल्डर 'रजा अर्ज' नावाच्या फोल्डरात पडलं होतं आणि त्यात शेवटचा बदल मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला होता. त्या वेळी त्याच संगणकासमोर बसून मी माझाच रजेचा अर्ज लिहीत होतो. माझ्याच हातून माउसनं ते ओढलं गेलं असणार.

"सर, डायरीत काय लिहू?"

"लिही, तांत्रिक शोधात मिळून आलं."

तिनं लिहिलं. वर पाहिलं नाही.

कॅमेरेवाल्याला सोडलं तेव्हा दारातून वळून त्यानं विचारलं, "मग पुसलं कुणी, साहेब?" मी न वाजलेला फोन उचलला.

त्या प्रोग्रामनं साहेबाचं म्हणून एकही फोल्डर वगळलं नव्हतं. मी चौकशीतून एक माणूस वगळला होता, मला स्वतःला.

कॅमेरेवाल्यानं पुढं आपलं दुकान बंद केलं. त्याच्या गावात चार लोकांसमोर उभं राहून 'ते फोल्डर मी हलवलं होतं' एवढं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.