क्रोशाच्या कव्हरखालचा मॉनिटर

डोंबिवलीच्या आमच्या घरात कॉम्प्युटरचा मॉनिटर कायम बंद असायचा. त्यावर आईने क्रोशाने विणलेलं कव्हर होतं. मला दिसत नाही. कीबोर्ड आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, एवढ्यावर माझं काम चालायचं.

तेव्हा मी एका वर्तमानपत्रासाठी घरून बातम्यांचे अनुवाद करत होते. ‘महिनाभर बघू, मग ठरवू,’ असं वृत्तसंपादक म्हणाले होते. मजकूर दुपारी चारच्या आत पोचायला हवा, एवढी एकच अट होती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी कॉम्प्युटरने अपडेट घेतलं, तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि बोलेना. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अनुवाद तयार होता, पण आवाजाशिवाय मी कुठल्या खिडकीत आहे हेच कळत नव्हतं.

आई ऑफिसात होती. मी समोरचं दार वाजवलं. तिथले काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी कव्हर काढून घडी घातली.

“काय दिसतंय, काका?”

“काळोख.”

मी चार-पाच कळा दाबल्या. “आता?”

“गेलं गं हे मशीन. दुरुस्तीवाल्याला बोलव.”

वायरी काढून पुन्हा लावण्यात वीस मिनिटं गेली. मग काका म्हणाले, “याला दिवा नसतो का? आमच्या प्रत्येक मशीनला असायचा.”

मॉनिटरला वेगळं बटण असतं, हे मी विसरले होते. काकांना ते माहीतच नव्हतं. मी चाचपून दाबलं.

“आला! अगं, दिसत तुला नाही आणि अंधारात मला बसवलंस!”

मग कळा माझ्या आणि वाचन काकांचं. ते अडखळत, पण एकही शब्द न वगळता वाचत. कोपऱ्यातलं तापमानसुद्धा.

“काका, निवडलेल्या ओळीवर निळी पट्टी असते, ती कुठे आहे तेवढंच सांगा.”

“मधलं सोडलं की मशीन बिघडतं. गप ऐक.”

अपडेटने आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, बदलला होता. जुना परत आणला. चारला दहा मिनिटं असताना तो कोरडा, यांत्रिक आवाज परतला आणि मी मजकूर पाठवला.

“एवढ्या भरभर बोलतो हा? तुला कळतं?”

“सगळं.”

“मग माझं वाचणं म्हणजे तुला शिक्षाच,” असं म्हणून ते चहाला थांबले.

काम मला मिळालं. पुढे कित्येक वर्षं प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी मी समोरचं दार वाजवायचे आणि काका चष्मा घेऊन यायचे. नंतर ते मुलाकडे शीळफाट्याला राहायला गेले.

हल्ली आवाज क्वचितच जातो. गेला, तर मोबाइलचा कॅमेरा पडदा वाचून दाखवतो, हवं तेवढंच. तरी अपडेटच्या दिवशी मी कव्हर काढून घडी घालते आणि मॉनिटर सुरू करते. शेजारची खुर्ची रिकामी असते.