समोरच्या भिंतीवर कुठलं रीळ

मासेमारीच्या सामानाच्या त्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे जज्जसाहेब म्हणत. कायद्याशी त्यांचा संबंध एवढाच, की गिऱ्हाईक आत आलं की ते आधी त्याचे हात बघत आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकत. अपिलाची सोय नव्हती.

निकाल दोनच होते, कारण गळाच्या काठीला लावायची रिळंही दोनच प्रकारची. एक काठीच्या वर बसतं. काठी झटकली की त्याचा ढोल स्वतः गरगर फिरून दोरा सोडतो, आणि त्याला आवरायला आपला अंगठा. अंगठा लवकर टेकला तर दोऱ्याच्या टोकाचं शिसं पायाशी पडतं. उशिरा टेकला तर ढोल धावतच राहतो आणि दोऱ्याचा असा गुंता होतो की कात्रीशिवाय इलाज नाही. याला दुकानात घोडा म्हणत. दुसरं रीळ काठीखाली लोंबतं. त्याचा ढोल जागचा हलत नाही, दोरा आपला आपण सुटत जातो, अंगठ्याला काही काम नाही. हा पाळणा. नावं जज्जसाहेबांनीच ठेवलेली, हे सांगायला नको.

दुकानामागे दोन भिंतींच्या मध्ये एक अरुंद मोकळी जागा होती आणि तिच्या टोकाला ट्रकचा जुना टायर आडवा पडलेला. विकणाऱ्याने आधी स्वतः घोड्यावरून शिसं टायरात टाकून दाखवायचं, मग गिऱ्हाइकाने, असा जज्जसाहेबांचाच नियम. ते पंचवीस पावलांवरून टाकत. बोलता बोलता, बऱ्याचदा टायराकडे न बघता. मग गिऱ्हाइकाची पाळी आली की गुंता ठरलेला. तो गुंता ते दोन बोटांत धरून उजेडात बघत, एक्स-रे बघावा तसा.

"साहेब, आपण करता काय?" त्यांनी एकदा एकाला विचारलं.

"दातांचा डॉक्टर आहे."

"अरे बापरे! आणि लोक तुमच्यापुढे तोंड उघडतात?"

सगळ्यात मोठ्याने डॉक्टरांची बायको हसली. डॉक्टर मुकाट्याने पाळणा घेऊन गेले आणि वर्षभराने एकटेच येऊन घोडा घेऊन गेले. म्हाताऱ्या शेठना हे फार आवडायचं. दुखावलेला माणूस दोनदा खरेदी करतो, हे त्यांना ठाऊक होतं. अपमान हा त्या दुकानातला सगळ्यात टिकाऊ माल होता, आणि ठेवायला जागाही लागत नसे.

उजव्या अंगठ्याची जाणीव गेल्याचं जज्जसाहेबांना एका सकाळी इस्त्री करताना कळलं. आधी वास आला, मग बायको ओरडली, आणि सर्वांत शेवटी त्यांनी खाली बघितलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दबली आहे, फार उशीर केलात. अंगठा हलेल, वस्तू धरेल, फक्त त्याला काही कळणार नाही.

"म्हणजे तुमच्यावरच गेला," बायको म्हणाली. घरी येईपर्यंत ती तेवढंच बोलली. मग पट्टी बांधता बांधता म्हणाली, "त्या दुसऱ्या रिळाला अंगठा लागत नाही ना? मग ते फेका."

"मी? पाळणा?"

"का? त्यात झोपायला नाही सांगितलं."

पुढचे तीन महिने जज्जसाहेबांनी "आज आधी तुम्ही फेका साहेब" या एका वाक्यावर काढले. ही युक्ती शेठच्या काळात खपली असती. पण शेठ आता अंथरुणाला खिळले होते आणि गादीवर त्यांची सून आली होती. वहिनींनी आयुष्यात एक मासा धरला नव्हता. माणसं मात्र बरोबर धरायच्या.

"काका, हल्ली तुम्ही फेकत नाही."

"पाठ धरलीय जरा."

"पट्टी अंगठ्याला आहे."

जज्जसाहेबांनी हात काउंटरखाली घेतला. वहिनींनी विषय बदलला, निदान तसं दाखवलं. दुकान नव्याने लावायचं होतं आणि समोरच्या भिंतीवर एकाच तऱ्हेच्या रिळांना जागा होती. "रविवारी जुनी गिऱ्हाइकं बोलावलीत. सगळ्यांसमोर एकदाच फेका. कशावरून, ते तुम्ही ठरवा. ज्याच्यावरून टायरात पडेल त्याची भिंत, आणि काउंटर तुमचं."

"आणि नाही पडलं तर?"

"सव्वीस वर्षं पडतंय की," वहिनी गोड हसून म्हणाल्या.

पाळण्यावरून फेकलं असतं तर काउंटर शंभर टक्के वाचलं असतं. बायकोने हे त्यांना चार दिवसांत चार वेळा सांगितलं, चौथ्यांदा मोठ्याने. पण जज्जसाहेब रोज दुकान उघडायच्या तासभर आधी मागे जाऊन घोडाच फेकत होते. पहिल्या दिवशी नुसते गुंते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एक ध्यानात आलं, की ढोलाला आवाज असतो. शिसं सुटताना तो चढतो, आणि खाली झुकायला लागलं की किंचित उतरतो. त्या क्षणी अंगठा दाबायचा. बोटाने जे कळत होतं ते कानाने कळू शकत होतं. शनिवारी दहातले आठ टायरात पडले. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन बायकोची चेष्टाही केली.

रविवारी तीसएक माणसं जमली. बहुतेकांची कधी ना कधी याच जागेत अब्रू गेलेली, आणि सगळ्यांना ती आठवण आता अभिमानाने सांगायची होती. "मला तर म्हणाले होते, स्वेटर विणा!" एकजण सांगत होता. जज्जसाहेबांनी घोडा उचलला तशी सगळीकडे शांतता पसरली. त्यांना तीच हवी होती.

त्यांनी काठी झटकली. शिसं सुरेख सुटलं, हवेत उंच गेलं, ढोलाचा आवाज चढला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, कडकडून, दोन भिंतींच्या मध्ये. तीस माणसांच्या प्रेमापुढे ढोलाचा आवाज कुठल्या कुठे गेला. अंगठा वर तरंगत हुकमाची वाट बघत राहिला. शिसं टायराच्या अलीकडे टपकलं आणि ढोलावर दोऱ्याचा एवढा मोठा गोळा फुगला की तो रिळाच्या बाहेर ओसंडला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लोक भिंतीकडे, चपलांकडे, घड्याळाकडे बघायला लागले. वहिनी पुढे आल्या, पाळणा लावलेली काठी उचलली, कुठला हात कुठे ठेवायचा ते शेजारच्या माणसाला विचारलं आणि फेकलं. शिसं टायरात पडलं.

"चला, भिंतीचं ठरलं," त्या म्हणाल्या.

जज्जसाहेबांनी कपाटाच्या किल्ल्या खिशातून काढून पुढे केल्या.

"हे काय काका? काउंटरवर तुम्हीच राहायचं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याइतकं कोण विकणार? फक्त फेकायचं पाळण्यावरून, आणि फेकून झालं की काय म्हणायचं ते मी सांगते."

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक आलं, एक गवंडी. जज्जसाहेबांनी सवयीने त्याचे हात बघितले. चांगले हात होते, घोड्याचे. मग त्याला मागे नेलं, पाळण्यावरून शिसं टायरात टाकलं आणि वहिनी दारात उभ्या होत्या म्हणून नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा साहेब, कुणालाही जमतं. मलासुद्धा जमलं."

गवंड्याने त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"दोन द्या," तो म्हणाला. "एक आमच्या वडिलांना. त्यांच्याही हातात आता काही राहिलेलं नाही."