अक्रोडाची कपची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असा तिचा ठाम समज आहे. असू दे.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, दर शनिवारी मी बापटकाकांच्या गॅरेजमध्ये पडीक असायचो. काका रिटायर्ड सर्जन. क्लबात नेमबाजी करायचे, रीतसर लायसन्स होतं, आणि रायफलीचा दस्ता स्वतःच्या हाताने अक्रोडाच्या लाकडातून घडवत होते. ट्रिगरचे लोखंडी भाग बसवायचे तेवढे राहिले होते. काम जीव काढणारं — लोखंडाला निरांजनाची काजळी लावायची, दस्त्यात कोरलेल्या खाचेत दाबायचं, लाकडावर काळं उमटेल तिथेच पटाशीने केसभर तासायचं. की पुन्हा काजळी. निरांजन काकूंच्या देवघरातलं.

एकदा काका फोन घ्यायला आत गेले. पटाशीला हात लावू नकोस, म्हणाले. मी लावला. का? घाई होती? छे, माज होता — यांना जमतं ते आपल्यालाही जमतं, हा. पटाशी सटकली आणि खाचेच्या कडेची नखाएवढी कपची उडाली. मी ती गोंदाने चिकटवली, वर काजळी फासली. काका येईपर्यंत शहाण्यासारखा झाडू मारत होतो.

पुढच्या शनिवारी त्यांनी पटाशी नुसती टेकवली, तर कपची सुटून खाली पडली. ते कपचीकडे बघेचनात. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांच्या वडिलांचे हात म्हातारपणी कापायचे, त्याची धास्ती त्यांनी कायम घेतलेली — हे मला माहीत होतं. तरी बोललो का मी? नाही.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणून खपेल. पण नंतर काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू तिथेच होतास ना रे? खरंच हात थरथरला का यांचा?"

"हो काकू," मी म्हणालो. "थोडासा."

थरथरला नव्हता. मी बघत होतो.

काकांनी दस्ता गुंडाळून ठेवला, लायसन्स परत केलं. मग गाडी चालवणंही सोडलं, आणि मिल्टन कीन्समध्ये गाडी सोडली की माणूस घरातच बसतो. मीच त्यांना सगळीकडे न्यायचो. पोटच्या पोरासारखं करतो हो, असं काकू चारचौघांत सांगायच्या. शेजारच्या सीटवर काका हात मांडीवर ठेवून बसायचे. बेल्ट आपल्याला लावता येईल असंही त्यांना वाटेनासं झालं होतं. तो मी लावून द्यायचो.