केस पेपरवर मायचं नाव

हे लिहायला मी योग्य माणूस नाही. ते आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही, आणि शाळा सुटल्यापासून मीही मराठीत सलग चार पानं लिहिलेली नाहीत. शिवाय ही हकिकत माझी कमी आणि एका बाईच्या लेकीची जास्त आहे. तिने सांगितली असती तर वेगळी सांगितली असती. पण ती सांगायला येणार नाही. आणि आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्याबद्दल जे चांगलं बोललं जातं, ते ऐकून गप्प बसणं आता मला जमत नाही.

आमचं गाव उदगीरच्या बाजूला आहे. वडील डाळमिलमध्ये हमाली करतात, माय दुसऱ्याच्या रानात जाते. गावात ख्रिस्ती घरं सात, आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर. मायची एक सवय आहे. गावात कुणी दुखणाईत पडलं की ती त्याच्याजवळ जाऊन बसते. जात बघत नाही, बोलावणं आलं का तेही बघत नाही. काही घरांत तिला आत घेत नाहीत, मग ती बाहेर पायरीवर बसते आणि तिथूनच मनातल्या मनात प्रार्थना करते. लहानपणी मला याचा राग यायचा, कारण तिचं बसणं संपेपर्यंत आमची चूल पेटायची नाही. नाताळात आम्ही पोरं बायबलातल्या त्या गोष्टीचं नाटक करायचो, रस्त्यात लुटलेल्या माणसाला एक परका उचलून नेतो ती. त्यात मी दोन वर्षं गाढव झालो होतो. जखमी माणूस पाठीवर घेऊन चालायचं, एवढंच काम. ते मला चांगलं जमायचं.

त्या सोमवारी मी उदगीरहून नांदेडला निघालो होतो. बारा वाजता केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, शेवटच्या वर्षाचं. नरसीला एक म्हातारी चढली आणि माझ्या शेजारी बसली. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, मांडीवर सीताफळांची पिशवी. बोलण्यात थोडं तेलुगू होतं, देगलूरकडची असावी. नांदेडला लेकीकडे चालल्याचं तिने सांगितलं. लेक नांदेडमध्ये कुठे राहते, ते मी विचारलं नाही. मी वही उघडून बसलो होतो. नायगाव गेल्यावर तिने एक पिकलेलं सीताफळ माझ्या वहीवर ठेवलं आणि म्हणाली, "खा की लेकरा, वाचून पोट भरतंय व्हय?"

नांदेड जवळ आलं तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोप लागली असेल म्हणून मी हललो नाही. पिशवी घसरून सीताफळं खाली सांडली, तरी ती उठेना, तेव्हा मी वळून पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ओठातून लाळ गळत होती.

कंडक्टरने गाडी थांबवली. माणूस वाईट नव्हता, पण गाडी भरलेली होती. बाईसोबत कोण आहे, असं त्याने विचारलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिचं डोकं अजून माझ्याच खांद्यावर होतं. मी म्हणालो, माझं प्रॅक्टिकल आहे. कंडक्टर म्हणाला, "प्रॅक्टिकल परत होईल भाऊ. म्हातारी परत होत न्हाई." दोघांनी तिला उचलून ऑटोत ठेवलं. तिच्या पायाशी मीही बसलो. त्या वेळी माझ्या मनात दया होती असं मला म्हणता येत नाही. घड्याळात पावणेअकरा झाले होते, आणि बारापर्यंत सुटता येईल का, हाच हिशोब चालला होता.

दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीसमोर रांग होती. माझा नंबर आला तसं आतल्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही, बसमध्ये सापडली. तो म्हणाला, मग अनोळखी लिहावं लागेल, चौकीतून पोलीस येईल, तुमचा जबाब घेईल, तोवर थांबा. किती वेळ लागेल, असं मी विचारलं. त्याने हात वर केले.

माझ्या मागे रुमाल बांधलेला एक गृहस्थ उभा होता. स्वतःच्या भावाला घेऊन आला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आई हाय म्हणून सांग ना बाबा. जल्दी सुटशील. इथं माणूस असलेल्या पेशंटलाच कुणी इचारतंय."

मी मायचं नाव सांगितलं. आमचं गाव सांगितलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' असं लिहून सही केली. त्या घाईत दुसरं कुठलं बाईचं नाव जिभेवर आलंच नाही. दोन मिनिटांत कागद हातात पडला.

पण सुटलो नाही. मुलगा म्हटल्यावर सगळं मलाच करायचं होतं. स्ट्रेचर ढकलायचं, रक्त तपासायला न्यायचं, मेंदूचा फोटो काढायला न्यायचं, परत आणायचं. बारा वाजले, एक वाजला. मी कॉलेजात फोन केला. सर आधी चिडले, मग म्हणाले, दुसरी बॅच गुरुवारी आहे, तेव्हा आला नाहीस तर वर्ष गेलं समज. दुपारी मायला फोन करून एवढंच सांगितलं, की बसमध्ये पडलेल्या एका म्हातारीजवळ थांबलोय. माय लगेच प्रार्थनाघराच्या पाळकांकडे गेली. संध्याकाळी प्रार्थनाघरात माझ्यासाठी प्रार्थना झाली आणि ती मला फोनवरून ऐकवण्यात आली. खोटं बोलत नाही, ते ऐकून मला बरं वाटलं. नाव काय लिहिलं ते मी मायला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

म्हातारीची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. गळ्यातून एकच आवाज यायचा, 'आ' आणि 'ऊ' यांच्या मधला, आणि तो काढताना ती दाराकडे बघायची. मला वाटायचं पाणी पाहिजे. मी चमच्याने पाणी द्यायचो, ते उजव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. लुगडं बदलायला वॉर्डातली मावशी यायची. ती मला म्हणायची, आजकालची पोरं आईला हातसुद्धा लावत नाहीत, तुझ्यासारखं लेकरू सगळ्यांना मिळो. मी मान खाली घालायचो. लाजतोय असं तिला वाटायचं.

मंगळवारी सकाळी डॉक्टर आले. सोबत शिकणारी चार-पाच मुलं होती, माझ्याच वयाची. डॉक्टरांनी कागदावरचं नाव वाचलं आणि तिच्या कानाजवळ वाकून मोठ्याने हाक मारली. ती छताकडे बघत राहिली. पुन्हा हाक मारली. तिने पापणीही हलवली नाही. डॉक्टरांनी मुलांना इंग्रजीत सांगितलं, की पेशंट नावाला प्रतिसाद देत नाही, आणि तसं लिहून घ्यायला लावलं. मला म्हणाले, "आईला काही समजतंय असं दिसत नाही. मनाची तयारी ठेव."

मी पलंगाच्या लोखंडाला धरून उभा होतो. एवढंच बोलायचं होतं, की साहेब, हे तिचं नावच नाही. पाच शब्द. पण ती सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. नर्सिंगची एक मुलगी डोळे पुसत होती. खोटं लिहिलं म्हणून पोलीस नेतील, गुरुवार जाईल, वर्ष जाईल, वडिलांना काय सांगू, असं सगळं एकदम डोक्यात आलं. आणि डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

त्या दिवशी मी जेवलो नाही. प्रार्थना करायला बसलो तर शब्द येईनात. देवाला काय सांगू, आणि कुणासाठी? तिचं नाव मला माहीत नव्हतं, आणि मायचं नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना करायला जीभ वळेना.

बुधवारी सकाळी मायचा फोन आला. काय करून राहिलास, जेवलास का, म्हातारी कशी आहे. मी बोलत गेलो, आणि बोलता बोलता नावाचं सांगून टाकलं. मला वाटलं हसेल. माय हसली नाही. म्हणाली, "बाळा, तिचं माणूस तिला हुडकत असंल की रे. माझ्या नावानं कशी घावंल ती?"

खरं सांगतो, तोपर्यंत हे माझ्या मनात आलंच नव्हतं. लेकीकडे चालले, असं ती स्वतः बोलली होती. तीन दिवस मी तिच्याजवळ होतो. पाणी पाजत होतो, कूस बदलत होतो, आणि तिची एक लेक याच गावात आहे हे मला आठवलं नाही. ती दाराकडे का बघायची, ते मला तेव्हा कळलं.

मी आधी सिस्टरकडे गेलो, तिने मला चौकीत पाठवलं. तिथला हवालदार वयस्क होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"तुझी आई कुठं हाय?"

"घरी."

"जिती हाय?"

"हाव."

"म्हंजे एक आई घरी, अन् एक तू इथं भरती केली." तो शेजारच्याकडे बघून बोलला, पण ऐकवत मलाच होता. "अनोळखी लिहिलं असतं तर परवाच वायरलेसवर गेलं असतं. भलं करायला निघाला अन् म्हातारीला गायब करून बसला. कॉलेजला काय शिकवून राहिले रे तुम्हाला?"

त्याने जबाब लिहून घेतला, माझा फोन नंबर घेतला, आणि चौकशी होईपर्यंत पेशंटजवळ जायचं नाही अशी ताकीद दिली. मी विचारलं, तिला पाणी कोण पाजेल? तो म्हणाला, ते आम्ही बघू. मी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. मावशीला सगळं सांगून टाकलं. ती पाठ फिरवून आत गेली.

गुरुवारी मी प्रॅक्टिकलला गेलो. जायला नको होतं असं कधी वाटतं, आणि थांबून तरी काय केलं असतं असंही वाटतं. टायट्रेशन होतं, नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून रंग बघायचा. रंग फिकट गुलाबी आला की थांबायचं असतं. माझा प्रत्येक वेळी गडद व्हायचा, कारण हात थांबायचा नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणालो.

दुपारी दवाखान्यात आलो तर त्या पलंगावर दुसरी बाई होती. ओळखीची मावशी सुट्टीवर होती. एकाने सांगितलं नातेवाइकांनी नेली, दुसऱ्याने सांगितलं हैदराबादला हलवली, आणि व्हरांड्यात बसलेल्या एका बाईने हात हलवून सांगितलं, की कोपऱ्यातली म्हातारी सकाळीच गेली. चौकीत हवालदार बदललेला होता. माझा तिच्याशी काय संबंध, असं नव्या हवालदाराने विचारलं. केस पेपरवर मुलगा होतो, असं काही मला म्हणता आलं नाही.

मग शोध सुरू झाला, जर त्याला शोध म्हणता आलं तर. मी बसस्टँडवर जाऊन देगलूरच्या गाड्यांच्या कंडक्टरांना विचारलं. एका सुट्टीत नरसीला गेलो, फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांना विचारलं. हिरवं लुगडं, गोंदण, सीताफळं. एक जण म्हणाला, "बाबा, अशा म्हाताऱ्या रोज शंभर चढतेत. नाव सांग की." आणि बाकीचे हसले.

एका रविवारी गावी गेलो. उपासनेत पाळकांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्यात तशी रीत आहे, प्रभूने आपल्या हातून जे करवलं ते चारचौघांत सांगायचं. मी उभा राहिलो. सगळं सांगायचं असं ठरवून उभा राहिलो होतो. तोंडातून आलं एवढंच, की प्रभूने मदत केली. सगळे आमेन म्हणाले. माय म्हणाली नाही. ती सतरंजीकडे बघत होती. घरी आल्यावर तिने मला भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिली, जशी ती दुखणाईताजवळ बसते तशी. तेव्हा मला रडू आलं. ती म्हातारी मेली असेल तर कुणाच्या नावाने मेली, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. अनोळखी नंबर होता. बाहेर येऊन उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, दमलेला. ती म्हणाली, बसमध्ये पडलेल्या त्या म्हातारीची मी लेक, चौकीतल्या कागदावरून तुमचा नंबर घेतला.

मंगळवारी सकाळी ती त्याच खिडकीवर आली होती. आईचं नाव सांगितलं, आतल्या माणसाने बघून सांगितलं की असं कुणी भरती नाही. अनोळखी कुणी बाई आहे का, असंही तिने विचारलं. तेही नाही म्हणाले. म्हणून ती वर वॉर्डात आलीच नाही. भावाला घेऊन आधी बाकीचे दवाखाने पालथे घातले, मग लोहा, कंधार, शेवटी रेल्वेच्या पोलिसांपर्यंत गेली. गुरुवारी सकाळी चौकीतून फोन गेला, तेव्हा कुठे आई सापडली, आणि त्याच दिवशी त्यांनी तिला गावी नेलं.

मी माफी मागायला लागलो. तिने मध्येच थांबवलं. "ते राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही गाडीत सोडून दिलं असतं तरी मी काय करणार होते. पण ते तीन दिवस माझे होते, भाऊ."

मग तिने सांगितलं, की आई अठरा दिवस त्यांच्यात होती, आणि काल सकाळी गेली, घरीच, तिच्या मांडीवर.