उद्याचा आकडा

कोको बटर कितीला वितळतं हे बघायला एक दिवस थांबावं लागतं, आणि मला सध्या थांबणं जमत नाही. ते वितळवून केसासारख्या काचनळीत ओढायचं, थंडीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाण्यात धरून हळूहळू तापवायचं. नळीतला पांढरा तुकडा ज्या अंशाला वर सरकतो, तो त्याचा आकडा.

आज मी तासाभरातच नळी बाहेर काढली. खालून, क्रीमच्या विभागातून, दोनदा फोन आला होता. तुकडा सव्वीसलाच सरकला. नापास लिहायला मी पेन उघडलं, तेवढ्यात आमच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या शैलाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"नळी कधी भरलीस?"

"मघाशीच. घट्ट झालं होतं की."

"वरून दिसतं गं तसं. आत बसायला त्याला वेळ लागतो. उद्या बघ, तेहतीसपर्यंत टिकेल."

त्यांनी दुसरी नळी भरून फ्रीजमध्ये ठेवली.

बाबांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी कामावर आले. बरी सावरलीस, सगळे म्हणतात. मीही मान हलवते. पण काल कँटीनमध्ये कुणीतरी बाबांसारखा बशीत चहा ओतून फुंकर घातली, आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

दुपारपासून तीनदा मी फ्रीज उघडला. तिसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "सारखं दार उघडू नकोस. राहू दे त्याला."

पुन्हा फोन वाजला. "झालं का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "नुसतं झाल्यासारखं दिसतंय."