तात्सेलेंगेच्या आधी आवळा

पहिला घोट घेतला आणि आमच्या टॅन साहेबांचे दोन्ही गाल तोंडाच्या आत जाऊन एकमेकांना भेटले. बराच वेळ परत आलेच नाहीत.

"कुलकर्णी," बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, "हे तू मागवलंस?"

मीच. आंग मो किओ भागातल्या आमच्या गोदामात छतापर्यंत वाइनची खोकी लागली होती. तात्सेलेंगे हे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातलं अस्सल गावठी तांबडं द्राक्ष. आता मोजकेच लोक ते लावतात. नावाचा अर्थ 'जीभ कापणारं'; तिथली माणसं प्रामाणिक. आंबटपणा जबर, वर टॅनिन. म्हणजे फार उकळलेल्या चहाने जीभ खरखरीत होते ना, ते. वर्षानुवर्षं मुरली की ही वाइन उमदी होते. आमची कोवळी होती.

"उद्या हॉटेलच्या मॅडम लिम येतायत. सगळी विकलीस तर तुझा पास रिन्यू. नाहीतर पुण्याला जाऊन विक, लाह."

एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा इथला नोकरीचा परवाना, गेला की नोकरी, सेरंगूनचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं एकाच विमानात बसतं.

मॅडम भरपेट जेवून आल्या. चाखण्याआधी तोंड साफ करायला आम्ही साधी बिस्किटं ठेवतो. ती टॅन साहेबांनी गालांच्या उपचारात संपवलेली. पाहुण्याच्या हातावर काहीच न ठेवणं आमच्यात बसत नाही. खिशात आईने पाठवलेली आवळा सुपारी होती. तिला घाबरून आमच्या शेजारच्या काकांची कवळी एकदा आपण होऊन पेल्यात जाऊन बसली होती. तीच दिली.

मॅडमचे डोळे मिटले. कान मागे सरकले. मी घाईने ग्लास पुढे केला. आवळ्यावर पाणी गोड लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथे वाइन लागली.

"चेरी," त्या पुटपुटल्या. "सिल्क." आणि गोदाम रिकामं झालं.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी त्यांचा फोन. "मिस्टर कुलकर्णी, माझ्याकडे लंचला एक राजदूत आलेत. त्यांचे ओठ चिकटलेत. त्यांना भाषण करायचंय."

"मॅडम, आधी आवळा दिलात ना?"

"तो वाइनचा भाग होता?"

"अविभाज्य," मी म्हणालो, आणि बरणी घेऊन टॅक्सीत बसलो.

राजदूतांच्या ओठांच्या फटीतून एक फोड आत सरकवली. वर ग्लास. मग ते असे सुटले, की लंचची मंडळी डिनरलाच उठली.

आता त्या हॉटेलात तात्सेलेंगेआधी चांदीच्या ताटलीत आवळा येतो. पास वाढून मिळाला. आमची कंपनी हल्ली वाइनपेक्षा आवळाच जास्त मागवते.

धंद्याचा नियम एवढाच: आपला माल सुधारता येत नसेल, तर गिऱ्हाइकाला त्याच्या आधी त्याहून वाईट काहीतरी चाखवावं.